ह्यांच्याबद्दल काय लिहू?

ठाण्याहून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे, हाताने लिहिलेलं. संस्थेचं आणि घरच्यांची नावं त्यांनी छापू नका असं कळवलं आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

'हे जाऊन ९ महिने झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, आणि घाटांतल्या वनस्पती गोळा करायच्या, वाळवायच्या, त्यांची ओळख पटवायची, हे ३४ वर्षांचं काम. वर्षश्राद्धाच्या सुमारास विद्यार्थी स्मरणिका काढणार आहेत. २२ लेख आलेत. सगळे चांगले आहेत, पण वाचताना मला कळत नाही हे कोणाबद्दल चाललंय. ऋषितुल्य, निगर्वी, निसर्गाशी एकरूप झालेले. पहिला लेख माझा हवा म्हणतात. मी चारदा बसले. "माझे पती डॉ." इतकं लिहिलं की हात थांबतो.

मुलगी झुरिकला असते. ती म्हणते, आई तू बोल, मी टाइप करते. मुलगा इथेच राहतो, त्याने लिहायला साफ नकार दिला. म्हणाला, "बाबा एकाही गणपतीत घरी नव्हते, त्यावर लिहू का?" ते खरं आहे. जूनपासून दसऱ्यापर्यंत माणूस डोंगरात. पत्री मात्र दरवर्षी कोणाबरोबर तरी पाठवायचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येक जुडीवर चिठ्ठी. दूर्वांवरसुद्धा "सायनोडॉन डॅक्टिलॉन". मुलाचं अक्षर सुरेख, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याला समोर बसवून, वाळलेलं झाड चिकटवतात त्या शीटवरची लेबलं लिहून घ्यायचे. त्याचाही त्याच्या मनात राग आहे. नातू ९ वर्षांचा. त्याने परवा विचारलं, आजोबांनी कशाचा शोध लावला? आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही.

मागच्या खोलीत ह्यांच्या ३१ वह्या आहेत आणि कपाटभर वाळलेली झाडं, जुन्या वर्तमानपत्रांत ठेवलेली. मुलगा म्हणतो, घर रंगवायचंय, रद्दीत जाऊ दे. मुलगी म्हणते, त्यातली चांगली निवडून फ्रेम करू आणि सगळ्यांना आठवण म्हणून देऊ. मी एक वही उघडली. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्या. १९८६ च्या ऑगस्टमधलं माथेरानचं पान होतं. झाडांचे नंबर, आणि खाली एक ओळ : "हिला चक्कर आली. लवकर उतरलो." तेव्हा मुलगा पोटात होता. मी वही मिटून ठेवली.

आठ वर्षांनी एकदा कारवी फुलली की मला येऊरच्या डोंगरावर घेऊन जायचे. २०१६ ला चालत गेलो. २०२४ ला ह्यांचे गुडघे चालेनात, गाडीतूनच लांबून पाहिली. मी काय लिहू? खरं लिहावं तर मुलाचं म्हणणंही खरंच आहे. आणि ह्यांना कमीपणा येईल असं माझ्या हातून काही व्हायला नको.'

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सहा पानांत तुम्ही त्यांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. 'हे', 'ह्यांना', 'ह्यांचं', बस. आणि 'ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्या' असं लिहिताना तुमचा हात कुठे अडलेला दिसत नाही. तो अडतो 'माझे पती डॉ.' या शब्दांशी. अडणारच. त्या डॉक्टरांना विद्यार्थी ओळखतात, तुमचा संसार 'हे' यांच्याशी झाला. तेव्हा लेखातही 'हे' असंच लिहा. स्मरणिकेचे संपादक ते बदलून 'सर' किंवा 'डॉक्टरसाहेब' करायला निघाले, तर त्यांना स्पष्ट सांगा की या लेखाला हात लावायचा नाही.

असं लिहिणं घरगुती दिसेल, अशी शंका तुमच्या मनात येईल, म्हणून एक उदाहरण देते. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले. हायकोर्टाचे न्यायाधीश, अर्थशास्त्राचा एवढा व्यासंग, महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांच्या मुळाशी हा माणूस. रमाबाई रानड्यांनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केलं, आणि त्यात नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा केला. स्वतः असं म्हणाले, स्वतः तसं म्हणाले. न्यायमूर्तींची थोरवी सांगायला बाकीचे लोक होतेच. रमाबाईंनी सांगितलं ते अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला त्यांनी स्वतः कसं शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांनी त्यापायी तिला काय काय ऐकवलं, आणि न्यायमूर्तींचा अबोला कसा असायचा. हो, अबोलासुद्धा आहे त्यात. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, रानड्यांना त्याने कमीपणा आलेला नाही. मला तर न्यायमूर्ती रानडे माणूस म्हणून तिथेच भेटले.

आता लिहायचं काय, ते बघू. याचं उत्तर तुमच्या ह्यांच्याच कामात आहे आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलेलं असणार. टिपकागदात दाबून वाळवलेल्या झाडाचा आकार टिकतो. पानांची मांडणी, शिरा, देठ, फळाची घडण शंभर-दोनशे वर्षं ओळखता येते. फुलाचा रंग मात्र जातो. जांभळ्याचं तपकिरी होतं, पांढऱ्याचं पिवळट. वासही पुष्कळदा उडून जातो. म्हणून झाड गोळा करणारा माणूस जागेवर उभा राहून, पाऊस असला तरी छत्री मानेत धरून, वहीत रंग लिहून ठेवतो. फूल फिकट निळं, आत पिवळा ठिपका. पान चुरगळलं तर हिंगासारखा वास. चीक आहे, चीक नाही. ते त्या दिवशी लिहिलं नाही तर नंतर कोणालाही सांगता येत नाही, मग शीट कितीही चांगली चिकटवलेली असो.

विद्यार्थ्यांच्या २२ लेखांत ह्यांचा आकार आलेला आहे. पदव्या, शोधनिबंध, शिस्त, साधेपणा. ते वाईट नाही आणि ते पुढेही मिळेल. रंग मात्र तुमच्यापाशीच आहे, आणि ९ महिने झालेत. आज तुम्हाला त्यांचा दारातला आवाज जसा ऐकू येतो तसा आणखी दोन वर्षांनी ऐकू येणार नाही. हे वाचायला कठीण जाईल, पण वडील गेल्यावर मी हे अनुभवलंय. त्यांची वाक्यं आठवतात, आवाज कधी हातचा गेला ते कळलंही नाही. म्हणून आधी ते लिहा जे उडून जाणार आहे. दौऱ्यावरून आल्यावर आधी बूट काढायचे की आधी झाडांचे गठ्ठे सोडायचे? पावसाळ्यात टिपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर झाडाला बुरशी येते. घरी ते काम कोण करत होतं? ओले कागद वाळत कुठे घालायचे, गॅलरीत की स्वयंपाकघरातल्या दोरीवर? त्यांच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा का? २०२४ साली गाडीतून कारवी पाहिली म्हणता. गाडी कुठे उभी केली होती? त्यांनी काच खाली केली का? काय म्हणाले? काहीच म्हणाले नसतील तर तेही लिहा.

लेख लिहायला बसू नका. चारदा बसलात, आता पाचव्यांदा तसं नको. पत्रीच्या जुडीला असायची तेवढी चिठ्ठी घ्या. वर गाव आणि साल. खाली जे पाहिलं ते, चार ओळी. 'माथेरान, ऑगस्ट १९८६' हे तर झालंच आहे. एका दिवशी एक चिठ्ठी. ३०-४० जमल्या की त्या तारखेप्रमाणे लावा आणि तशाच छापायला द्या. मधले दुवे जुळवत बसू नका. जी वर्षं आठवत नाहीत ती मोकळी राहू देत. मुलगी टाइप करते म्हणतेय त्याला माझी हरकत आहे, आणि ती सांगते. फोनवर बोलताना तुम्ही तिला जपाल, ती तुम्हाला जपेल, आणि दोघींच्या जपण्यात खरं ते मागे पडेल. आधी हाताने लिहा. नंतर तिने टाइप करावं.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. खरं लिहिलं तर कमीपणा येईल का?

रेडियम शोधणाऱ्या क्युरी जोडप्यातले पिएर क्युरी १९ एप्रिल १९०६ ला पॅरिसमध्ये पावसात रस्ता ओलांडताना मालाच्या घोडागाडीखाली सापडून गेले. वय ४६. त्यांची बायको मारी, म्हणजे मादाम क्युरी, ३८ वर्षांची होती. थोरली इरेन साडेआठ वर्षांची, धाकटी एव्ह १६ महिन्यांची. काही दिवसांनी मारीने एक वही केली आणि तीत थेट पिएरला उद्देशून लिहू लागली. साधारण वर्षभर ती लिहीत होती, आणि ती वही जगासाठी नव्हती. तिच्यात रेडियमचा प्रताप नाही. आदल्या काही दिवसांत सगळे मिळून गावाकडे गेले होते ते आहे, मुली आहेत, फुलं आहेत. आणि शेवटची सकाळ आहे. तो घाईत निघाला होता, ती मुलींच्या मागे होती. त्याने विचारलं, प्रयोगशाळेत येशील का? ती म्हणाली, माहीत नाही, मागे लागू नकोस. त्यानंतर तिने त्याला जिवंत पाहिलं नाही. हा संवाद तिने जसाच्या तसा लिहून ठेवला. एका थोर शास्त्रज्ञाला दुसऱ्या थोर शास्त्रज्ञाने सकाळच्या गडबडीत दिलेलं हे उत्तर. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सोरबोनमध्ये पिएरच्या जागी ती शिकवायला उभी राहिली आणि त्याने जिथे विषय सोडला होता तिथूनच पुढे सुरू केलं. १९०८ साली त्याचं संशोधन एकत्र छापून निघालं, त्याला प्रस्तावना तिची. आणि पिएरचं चरित्र म्हणावं असं पुस्तक तिने प्रसिद्ध केलं ते १९२३ साली, म्हणजे तो गेल्यावर १७ वर्षांनी. त्यात त्याची सावकाश चालणारी बुद्धी आहे, शाळेत न जाता घरी शिकणं आहे, मानसन्मान नको पण प्रयोगशाळा हवी हा हट्ट आहे.

ताई, हे एवढं सांगितलं कारण मारीने तीन वेगळी कामं तीन वेगळ्या वेळी केली. वही पिएरसाठी, संशोधनाचा ग्रंथ विज्ञानासाठी, चरित्र लोकांसाठी. तुम्ही तिन्ही एका लेखात, वर्षश्राद्धाच्या आत, करायला बघताय. हात थांबेल नाहीतर काय? संशोधनाचं विद्यार्थी बघतील, ते त्यांचं कामच आहे. चरित्राची घाई नाही, ते तुम्ही कधीच लिहिलं नाहीत तरी चालेल. आज फक्त ती पहिली वही करा. तीत सगळं येऊ दे, राग, भांडण, दवाखान्यातले शेवटचे दिवस, जे बोलायचं राहिलं ते. ती कोणाला दाखवायची नाही. स्मरणिकेसाठीच्या चिठ्ठ्या नंतर त्यातूनच निवडा. काय निवडायचं हे तुमच्या हातात आहे, आणि काही गोष्टी वहीतच राहिल्या म्हणून तुम्ही खोटं लिहिलं असं होत नाही.

एका बाबतीत मात्र मारीचा कित्ता गिरवू नका. ती मुलींशी त्यांच्या वडिलांबद्दल बोलत नसे. पुढे एव्हनेच आईचं चरित्र लिहिलं, १९३७ साली, त्यात हे आहे. दुःख इतकं होतं की नाव उच्चारवत नव्हतं, हे समजू शकतं. पण १६ महिन्यांच्या मुलीला बाप आठवणार कुठून? आजोबा होते, पिएरचे वडील, ते १९१० पर्यंत त्याच घरात नातींना सांभाळत होते, आणि घरात थोडा मोकळेपणा होता तो त्यांच्यामुळे. तुमच्या घरात आजोबाच गेलेत. म्हणजे बोलायचं काम तुमच्याकडे आलं.

मुलाबद्दल. बाबा एकाही गणपतीत घरी नव्हते, या त्याच्या एका वाक्यात मला २२ लेखांपेक्षा जास्त माया दिसली. ज्याला वडील हवेहवेसे नव्हते तो मुलगा गणपती मोजत बसत नाही. त्याची समजूत काढू नका. 'अरे, ते केवढं मोठं काम करत होते' हे त्याने लहानपणापासून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं असणार की आपला नंबर झाडांनंतर. त्यापेक्षा म्हणा, हो, नव्हते. मलाही राग यायचा. यायचा ना? दोन लहान मुलं, बाहेर मुसळधार पाऊस, दारात गौरी, आणि घरचा माणूस कुठल्यातरी सड्यावर. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

कारणही सांगा, फक्त समर्थन म्हणून सांगू नका. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. त्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं सगळं आयुष्य पावसाच्या तीन-चार महिन्यांत उरकतं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, सगळी त्याच काळात. दिवाळीला जाल तर वाळकं गवत आणि काळा कातळ. फूल आणि फळ नसेल तर झाडाची नेमकी ओळख पटवणं फार अवघड होतं, आणि सड्यावर फुलं ऐन भरात असतात ती भाद्रपदात. गणपती येतात तेव्हाच. दोन्हीकडे तिथी एकच होती. तुमच्या ह्यांनी सडा निवडला. ती त्यांची निवड होती, मुलाची नव्हती, हे मुलाला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तर बरं होईल असं मला वाटतं. त्याला त्या एका वाक्याचाच लेख द्यायचा असेल तर छापा. पानभर रिकाम्या जागेत एक वाक्य. स्मरणिकेला त्याने बट्टा लागणार नाही.

आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात ती लेबलं. ताई, मी तिथेच थांबले. हर्बेरियममधली, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातली, शीट म्हणजे साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा जाड कागद. त्यावर झाड, आणि सहसा खालच्या उजव्या कोपऱ्यात लेबल : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर. पुढे कोणी त्या वनस्पतीचं नाव बदललं, ओळख चुकीची ठरवली, तरी जुनं लेबल फाडत नाहीत. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात. म्हणजे तुमच्या मुलाचं दहा-बारा वर्षांचं असतानाचं अक्षर त्या संस्थेच्या कपाटांत आज आहे आणि आपण सगळे गेल्यावरही असेल. जगातला कुठलाही अभ्यासक ती शीट मागेल तेव्हा त्याला आधी तुमच्या मुलाचं अक्षर दिसेल. संस्थेत फोन करून वेळ घ्या, त्याला घेऊन जा. 'बघ, बाबा तुला सोबत घेऊन बसायचे' असलं काही म्हणू नका. त्याला शीट बघू दे. त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही, आपण 'शोध' म्हणजे दिवा किंवा विमान धरून बसतो म्हणून ते सुचत नाही. त्याला एक वही उघडून द्या आणि कुठलाही एक नंबर काढायला सांगा. मग सांगा : या दिवशी, या डोंगरावर, एवढ्या उंचीवर हे फूल फुललेलं होतं, हे आजोबांनी पाहिलं आणि लिहिलं. त्यांनी लिहिलं नसतं तर आज ते कोणालाच माहीत नसतं. आता त्यातल्या काही जागांवर रस्ता झाला असेल, रिसॉर्ट झालं असेल, खाण लागली असेल. तिथे काय काय उगवत होतं हे विचारायला लोक आजोबांच्या शीटकडे जातात. जुन्या शीटवरच्या तारखा लावून, फुलं आता आधी फुलतात की उशिरा, हवामान बदलल्याचा परिणाम कुठे दिसतो, हेही अभ्यासक तपासतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे सहज कळेल. डोंगरावर कोण कोण राहतं याची हजेरी घेत होते आजोबा.

म्हणूनच, ताई, कपाट रद्दीत द्यायचं नाही. आणि मुलीचा बेत प्रेमाचा आहे तरी फ्रेमही करायच्या नाहीत, निदान जाणकाराने पाहीपर्यंत तरी नाही. वाळलेलं झाड ज्या वर्तमानपत्रात आहे ते वर्तमानपत्र बदलू नका. गोळा करणारे लोक पुष्कळदा नंबर त्या कागदाच्या कडेलाच लिहितात. कागद गेला की झाडाचा नंबर गेला, नंबर गेला की वहीतली नोंद कुठल्या झाडाची ते कळत नाही, आणि मग फ्रेममध्ये उरतं ते नुसतं वाळकं पान. वह्या आणि झाडं एकमेकांपासून तोडू नका.

आणखी एक, हे काळजीपोटी सांगते. जुन्या पद्धतीत झाडांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचं विष, वापरत असत. तुमच्याकडच्या झाडांना ते लावलंय की नाही हे बघून कळायचं नाही. तेव्हा हातमोजे घाला, हात साबणाने धुवा, आणि नातवाला वह्या द्या, कपाटातली झाडं नको. घर रंगवायला काढाल तेव्हा ते कपाट आहे तसं कोरड्या खोलीत हलवा. वह्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढा, वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक दिसेल असा. मुलगी झुरिकहून आली की हे काम तिला द्या. तिला आठवण म्हणून काहीतरी हातात हवंय, ते तिला यात मिळेल.

मग त्यांच्या संस्थेला पत्र लिहा : इतक्या वह्या, अमुक साल ते अमुक साल, नंबर इथपासून इथपर्यंत, आणि इतके गठ्ठे. तिथे जागा नसेल तर पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आघारकर संशोधन संस्थेचं आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं आहे. द्याल तेव्हा लेखी पोच घ्या.

वनस्पतींना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव द्यायची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस, त्याचं नाव ह्यांच्या तोंडून तुम्ही हजारदा ऐकलं असेल. तो १७७८ साली गेला, पाठोपाठ १७८३ साली मुलगाही गेला, आणि तो सगळा संग्रह लिनिअसची विधवा सारा हिच्यापुढे येऊन पडला. हजारो वाळलेली झाडं, किडे, शंखशिंपले, पुस्तकं, पत्रं. १७८४ साली तिने तो सगळा एकत्र, १,००० गिनींना, जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या तरुण इंग्रजाला विकला. स्वीडनमध्ये अनेकांना ते रुचलं नाही. पण संग्रह विखुरला नाही. १७८८ साली लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन झाली आणि ती झाडं आजही तिथे आहेत, लोक आजही त्यांच्याकडे बघून नावांचे वाद मिटवतात. विज्ञानाच्या इतिहासात साराबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तिच्या जागी कोणी कपाट रिकामं करायच्या घाईत असतं तर काय झालं असतं, याचा मी अनेकदा विचार केलाय.

त्या २२ लेखांचं फार मनावर घेऊ नका. संपादक मुलांना एवढंच सांगा की प्रत्येकाने विशेषणं काढून सरांबरोबरचा एक दिवस लिहावा, कुठला डोंगर, काय खाल्लं, कशावरून ओरडा बसला. ती मुलं झाडांची वर्णनं करायला शिकलेली आहेत. माणसाचंही त्यांना जमेल.

राहिलं माथेरानचं पान. ती ओळ त्यांनी तुमच्यासाठी लिहिलेली नव्हती. त्या वहीत जे घडलं ते लिहायचं असतं, पाऊस, उंची, वेळ, आणि त्या दिवशी काम का थांबलं ते. पुढे दरवर्षी गणपतीत घरी न आलेल्या माणसाने त्या दिवशी ऐन ऑगस्टमध्ये काम सोडलं होतं, तुमच्यासाठी आणि पोटातल्या बाळासाठी. स्मरणिकेत तुमच्या चिठ्ठ्यांच्या आधी त्या पानाचा फोटो छापा. खाली फक्त गाव आणि महिना. मात्र छापायला देण्याआधी ते मुलाला दाखवा. वाचून दाखवू नका, नुसती वही हातात द्या. लेबलं लिहून काढायची तर त्या मुंग्या त्याला आधी वाचाव्या लागत असणार. त्याला ते अक्षर लागतं.